दोन विमानतळ, एक अंतर आणि बदलता प्रवासकाळ : नैरोबी–जोहान्सबर्ग हवाई मार्गाचा ऐतिहासिक अभ्यास (१९२०–२०२३)

सारांश

दोन विमानतळांमधील हवाई अंतर ही भौगोलिक बाब असून ते सहसा बदलत नाही. प्रवासास लागणारा काळ मात्र इतिहासाने घडविलेला असतो. केनियातील नैरोबी आणि दक्षिण आफ्रिकेतील जोहान्सबर्ग या दोन शहरांमधील हवाई मार्गाच्या आधारे प्रस्तुत लेखात या विधानाची तपासणी केली आहे. वसाहतकालीन टपालमार्ग, जेट विमानांचे आगमन, वर्णभेदी राजवटीवरील हवाई बहिष्कार आणि १९९० नंतरचे मुक्त आकाशाचे प्रयत्न अशा चार टप्प्यांत हा इतिहास मांडला आहे. यंत्राचा वेग वाढला म्हणून प्रवासकाळ कमी झाला, हे स्पष्टीकरण अपुरे असून भूमीवरील सोयी, राज्यांची परवानगी आणि प्रवाशाच्या हातातील कागदपत्रे हे घटकही तितकेच निर्णायक ठरले, असे या अभ्यासातून दिसून येते.

प्रस्तावना

नैरोबीचा जोमो केन्याटा आंतरराष्ट्रीय विमानतळ आणि जोहान्सबर्गचा ओ. आर. टांबो आंतरराष्ट्रीय विमानतळ यांच्यामधील लघुतम हवाई अंतर सुमारे २,९०० किलोमीटर, म्हणजे सुमारे १,५७० सागरी मैल आहे. आजचे जेट विमान थेट उड्डाणाने हे अंतर साधारणतः चार तासांत पार करते. नैरोबीचे घड्याळ जोहान्सबर्गच्या घड्याळापेक्षा एक तास पुढे असल्याने दक्षिणेकडे जाणाऱ्या प्रवाशास हा प्रवास घड्याळात तीन तासांचा, तर उत्तरेकडे येणाऱ्यास पाच तासांचा भासतो. प्रवास एकच असूनही जाण्यायेण्याचा हिशेब वेगळा का, याचे उत्तर भूगोलाच्या पाठ्यपुस्तकात सहज मिळते. परंतु या दोन शहरांमधील प्रवासास कधी अनेक दिवस, कधी काही तास आणि एखाद्या प्रवाशास तीस वर्षे का लागली, याचे उत्तर इतिहासातच शोधावे लागते.

हवाई वाहतुकीचा इतिहास बहुधा यंत्राच्या प्रगतीचा इतिहास म्हणून लिहिला जातो. लाकूड-कापडाची विमाने, पुढे धातूची विमाने, त्यानंतर जेट, आणि प्रत्येक टप्प्यावर वाढत गेलेला वेग असा त्याचा क्रम असतो. ही मांडणी चुकीची नसली तरी आफ्रिका खंडाच्या संदर्भात ती अपुरी आहे. या खंडात विमान आले ते साम्राज्याचे वाहन म्हणून. पुढे नवस्वतंत्र राष्ट्रांनी आपल्या डोक्यावरील आकाशाचा उपयोग राजकीय अस्त्र म्हणून केला. परिणामी या खंडातील हवाई मार्गांचा नकाशा हा एका अर्थी सत्तेचा नकाशा आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) नैरोबी–जोहान्सबर्ग हवाई मार्गाच्या जडणघडणीचा कालानुक्रमे आढावा घेणे.
२) अंतर स्थिर असताना प्रवासकाळ बदलण्यामागील तांत्रिक व राजकीय कारणांचा शोध घेणे.
३) वर्णभेदी राजवटीवरील हवाई बहिष्काराचे स्वरूप व मर्यादा तपासणे.
४) वर्तमानकालीन आफ्रिकी हवाई वाहतुकीच्या प्रश्नांची ऐतिहासिक पार्श्वभूमी स्पष्ट करणे.

अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. दिलेली हवाई अंतरे पृथ्वीच्या गोलावरील लघुतम मार्गाच्या हिशेबाने, स्थूलमानाने काढलेली आहेत.

मार्गाचे भौगोलिक स्वरूप

नैरोबी आणि जोहान्सबर्ग ही दोन्ही पठारावरील शहरे होत. नैरोबीचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे १,६२० मीटर, तर जोहान्सबर्गचा सुमारे १,६९० मीटर उंचीवर आहे. उंचीवर हवा विरळ असते. विरळ हवेत पंखांना उचल कमी मिळते आणि इंजिनाची शक्तीही घटते. म्हणून समुद्रकिनाऱ्यावरील विमानतळाच्या तुलनेत येथे विमानास जमीन सोडण्यापूर्वी अधिक धावावे लागते. दोन्ही ठिकाणच्या मुख्य धावपट्ट्या चार किलोमीटरहून लांब आहेत, त्याचे हे एक महत्त्वाचे कारण आहे.

नकाशावर या दोन विमानतळांना जोडणारी लघुतम रेषा काढली असता ती केनियातून टांझानियात, तेथून मलावी व झांबियाच्या सीमाप्रदेशातून मोझांबिकच्या वायव्य भागात आणि पुढे झिम्बाब्वेवरून दक्षिण आफ्रिकेत शिरते. ही रेषा झिम्बाब्वेची राजधानी हरारे हिच्या अगदी जवळून जाते. १९३० च्या दशकात या रेषेखालील मोझांबिकचा भाग पोर्तुगालकडे होता. दक्षिण आफ्रिका संघराज्य ब्रिटिश राष्ट्रकुलातील स्वशासित घटक होते. उर्वरित सर्व प्रदेश ब्रिटिशांच्या अमलाखाली होता. १९८० मध्ये झिम्बाब्वे स्वतंत्र झाल्यानंतर हीच रेषा सार्वभौम आफ्रिकी राष्ट्रांच्या मालिकेवरून जाऊ लागली. जमीन तीच राहिली. तिच्यावरील आकाशाचे धनी मात्र बदलले.

पहिला टप्पा : साम्राज्याचा टपालमार्ग (१९२०–१९४५)

पहिल्या महायुद्धाच्या समाप्तीनंतर ब्रिटिश हवाई दलाने कैरो ते केप टाऊन या मार्गाची पाहणी करून ठिकठिकाणी विमाने उतरविण्याची मैदाने तयार करवून घेतली. हे काम यंत्रांनी नव्हे, तर आफ्रिकी मजुरांच्या हातांनी झाले. उत्तर ऱ्होडेशियातील एनडोला येथे मैदान सपाट करण्यासाठी शेकडो मजुरांना अनेक महिने प्रचंड वारुळे खणून काढावी लागली. विमानप्रवासाच्या इतिहासात वैमानिकांची नावे नोंदली गेली. वारुळे खणणाऱ्यांची नोंदली गेली नाहीत.

४ फेब्रुवारी १९२० रोजी पियरे व्हॅन रायनेव्हेल्ड आणि क्विंटिन ब्रँड हे दोन वैमानिक इंग्लंडमधून ‘सिल्व्हर क्वीन’ नावाच्या विमानातून निघाले. त्यांचे पहिले विमान इजिप्तमधील कोरोस्को येथे, तर दुसरे बुलावायो येथे निकामी झाले. तिसऱ्या विमानातून ते २० मार्च १९२० रोजी केप टाऊनला पोहोचले. या प्रवासास एकूण ४५ दिवस लागले. प्रत्यक्ष उड्डाणाचा काळ मात्र सुमारे १०९ तास ३० मिनिटे इतकाच होता. ४५ दिवसांचे तास १,०८० होतात. म्हणजे एकूण काळाच्या केवळ दशांश भाग आकाशात गेला. उरलेला नऊ-दशांश काळ जमिनीवर दुरुस्ती, इंधन, हवामान आणि प्रतीक्षा यांत गेला. प्रवासकाळाचा विचार करताना हा आकडा मूलभूत मानावा लागेल. विमानाचा वेग प्रवासकाळाचा एक अंश ठरवितो. उर्वरित अंश जमीन ठरविते.

१९२५-२६ मध्ये ॲलन कोभॅम यांनी लंडन–केप टाऊन मार्गाची पुन्हा हवाई पाहणी केली. १९२९ मध्ये फ्लॉरेन्स केर विल्सन या महिलेने नैरोबी येथे विल्सन एअरवेज ही कंपनी स्थापन केली. फेब्रुवारी १९३१ मध्ये इम्पीरियल एअरवेजने लंडनहून व्हिक्टोरिया सरोवराच्या काठावरील मुवांझापर्यंत सेवा सुरू केली आणि जानेवारी १९३२ मध्ये ती केप टाऊनपर्यंत वाढविली. या सेवेचा प्रमुख आधार टपाल हा होता. प्रवासी दुय्यम होते. नैरोबीहून निघालेले विमान मोशी, डोडोमा, म्बेया, म्पिका, ब्रोकन हिल, सॉल्सबरी, बुलावायो, पीटर्सबर्ग अशा थांब्यांनी जोहान्सबर्गला जात असे. हा मार्ग लघुतम नव्हता. तो ब्रिटिश अमलाखालील प्रदेशांतून जाणारा होता. सरळ रेषेवरील पोर्तुगीज प्रदेश टाळून म्पिका व ब्रोकन हिल यांसारख्या उत्तर ऱ्होडेशियातील ठाण्यांना जोडण्यात साम्राज्याची प्रशासकीय सोय होती.

१९३३ पासून या मार्गाच्या दक्षिणेकडील भागावर आलेल्या अटलांटा जातीच्या विमानांचा प्रवासवेग ताशी सुमारे १९० किलोमीटर होता. या वेगाने २,९०० किलोमीटर सरळ अंतर काटण्यासही सुमारे पंधरा तास लागले असते. परंतु मार्ग वळणाचा होता, थांबे अनेक होते आणि उड्डाणे दिवसाउजेडीच होत. रात्री प्रवासी विश्रामगृहात मुक्काम करीत. त्यामुळे पंधरा तासांचा प्रवास दिवसांच्या हिशेबात मोजावा लागे. तरीही रेल्वे व आगबोट यांच्या तुलनेत ही मोठी झेप होती. मात्र ती कोणासाठी होती, हे लक्षात घेतले पाहिजे. अधिकारी, व्यापारी, खाणमालक आणि त्यांची पत्रे यांच्यासाठी हा मार्ग होता. ज्यांनी मैदाने सपाट केली, त्यांच्या प्रवासकाळात त्याने काहीही फरक पडला नाही.

दुसरा टप्पा : जेटयुग आणि विमानतळांची उभारणी (१९४५–१९६२)

दुसऱ्या महायुद्धानंतर परिस्थिती झपाट्याने पालटली. नोव्हेंबर १९४५ मध्ये ब्रिटिश ओव्हरसीज एअरवेज कॉर्पोरेशन (बीओएसी) आणि साउथ आफ्रिकन एअरवेज यांनी संयुक्तपणे ‘स्प्रिंगबॉक’ सेवा सुरू केली. ती कैरो, खार्टूम आणि नैरोबीमार्गे जोहान्सबर्गजवळील पाल्मीटफोन्टेन विमानतळापर्यंत जात असे. जुन्या मार्गावरील लहान लहान थांबे या सेवेने एका उड्डाणात ओलांडले. १९४६ मध्ये केनिया, युगांडा, टांगानिका व झांझिबार यांच्यासाठी ईस्ट आफ्रिकन एअरवेज ही संयुक्त कंपनी कार्यरत झाली.

२ मे १९५२ रोजी बीओएसीचे कॉमेट विमान लंडनहून जोहान्सबर्गकडे निघाले. जगातील ही पहिली नियमित जेट प्रवासी सेवा होय. ३६ आसनांचे हे विमान रोम, बैरूत, खार्टूम, एन्टेबे व लिव्हिंग्स्टन येथे थांबून २४ तासांच्या आत जोहान्सबर्गला पोहोचले. पूर्व आफ्रिकेतील थांबा नैरोबी नव्हे, तर एन्टेबे होता, ही बाब लक्षणीय आहे. यंत्र वेगवान झाले तरी ते जेथे उतरणार ती जमीन त्याच्या योग्यतेची असावी लागते. १९५४ मध्ये दोन कॉमेट विमाने भूमध्य समुद्रात कोसळली. त्यांपैकी ८ एप्रिल रोजी कोसळलेले विमान जोहान्सबर्गच्या सेवेवरील होते. ही सेवा थांबली. तथापि जेटची वाट मोकळी झाली होती.

याच दशकात दोन्ही शहरांना नवे विमानतळ मिळाले. जोहान्सबर्गचा विमानतळ १९५२ मध्ये सुरू झाला आणि त्यास माजी पंतप्रधान यान स्मट्स यांचे नाव देण्यात आले. नैरोबीचा एम्बाकासी विमानतळ १९५८ मध्ये खुला झाला. एम्बाकासीच्या बांधकामात माऊ माऊ उठावाच्या काळात आणीबाणीखाली स्थानबद्ध केलेल्या लोकांचे श्रम वापरण्यात आले होते. त्या उठावाचे सूत्रधार ठरवून ब्रिटिशांनी ज्या जोमो केन्याटांना कैदेत टाकले, त्यांचेच नाव १९७८ मध्ये या विमानतळास देण्यात आले. जोहान्सबर्गच्या विमानतळाचे ‘यान स्मट्स’ हे नाव १९९४ मध्ये काढण्यात आले आणि २७ ऑक्टोबर २००६ रोजी त्यास ऑलिव्हर रेजिनल्ड टांबो यांचे नाव मिळाले. दोन विमानतळांच्या नामांतरातच त्यांच्यामधील प्रवासाचा निम्मा इतिहास सामावलेला आहे.

तिसरा टप्पा : बंद झालेले आकाश (१९६०–१९९०)

७ डिसेंबर १९४४ च्या शिकागो करारान्वये प्रत्येक राष्ट्रास आपल्या भूमीवरील आकाशावर पूर्ण सार्वभौमत्व मान्य करण्यात आले. दुसऱ्या राष्ट्राच्या नियमित प्रवासी विमानास त्या आकाशातून जाण्यासाठी परवानगी लागते. आफ्रिकी राष्ट्रे स्वतंत्र होऊ लागली तेव्हा सैन्य व भांडवल यांबाबत ती दुर्बल असली, तरी आकाश त्यांच्या हाती आले होते.

या टप्प्याचा विचार राज्यांपासून नव्हे, तर प्रवाशांपासून सुरू करणे उचित ठरेल. २१ मार्च १९६० च्या शार्पव्हिल हत्याकांडानंतर थोड्याच दिवसांत ऑलिव्हर टांबो यांनी आफ्रिकन नॅशनल काँग्रेसच्या आदेशाने देश सोडला. जोहान्सबर्गचा अद्ययावत विमानतळ त्यांच्या उपयोगाचा नव्हता. मोटारीने सीमा ओलांडून ते बेचुआनालँडमध्ये गेले आणि तेथून भाड्याच्या लहान विमानाने न्यासालँडमार्गे दार-एस-सलामला पोहोचले. पारपत्राविना निघालेल्या टांबो यांना पुढील प्रवासासाठी भारत सरकारने दिलेल्या प्रवासपत्राचा उपयोग झाला.

जानेवारी १९६२ मध्ये नेल्सन मंडेला हेही पारपत्राविना याच दिशेने निघाले. बेचुआनालँडमधून लहान विमानाने ते टांगानिकातील म्बेया येथे उतरले. इम्पीरियल एअरवेजच्या मार्गावरील एक थांबा असलेल्या या गावी त्यांनी गोरे व काळे लोक एकाच हॉटेलात सहजपणे वावरताना पाहिले. पुढे खार्टूमहून अदिस अबाबाकडे जाताना विमानाचा वैमानिक काळा असल्याचे पाहून आपण क्षणभर धास्तावलो, अशी प्रांजळ कबुली त्यांनी आत्मचरित्रात दिली आहे. काळा माणूस विमान कसे चालवील, हा प्रश्न वर्णभेदाविरुद्ध लढणाऱ्या नेत्याच्या मनात यावा, यातून त्या व्यवस्थेने माणसांच्या मनात किती खोलवर घर केले होते याची कल्पना येते. परतल्यावर ऑगस्ट १९६२ मध्ये त्यांना अटक झाली. ७ नोव्हेंबर १९६२ रोजी सुनावलेल्या पाच वर्षांच्या शिक्षेपैकी दोन वर्षे वैध पारपत्राविना देश सोडल्याबद्दल होती.

योगायोग असा की, त्याच्या आदल्याच दिवशी, ६ नोव्हेंबर १९६२ रोजी, संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने ठराव क्रमांक १७६१ संमत केला होता. दक्षिण आफ्रिकेच्या सरकारी तसेच त्या देशात नोंदणी झालेल्या कंपन्यांच्या विमानांना उतरण्याची व जाण्याची सवलत नाकारावी, असे आवाहन त्यात सदस्य राष्ट्रांना करण्यात आले होते. मे १९६३ मध्ये अदिस अबाबा येथे स्थापन झालेल्या आफ्रिकी ऐक्य संघटनेने हीच भूमिका घेतली आणि ऑगस्ट १९६३ पासून आफ्रिकी राष्ट्रांनी साउथ आफ्रिकन एअरवेजला आपले आकाश नाकारण्यास आरंभ केला. एका माणसास सीमा ओलांडल्याबद्दल शिक्षा करणाऱ्या राजवटीस आता स्वतःच्या विमानांसाठी सीमा बंद झालेल्या पाहाव्या लागल्या.

या बहिष्कारामुळे साउथ आफ्रिकन एअरवेजला युरोपकडे जाण्यासाठी आफ्रिकेच्या पश्चिम फुगवट्यास वळसा घालावा लागला. लंडन–जोहान्सबर्ग सरळ अंतर सुमारे ९,०७० किलोमीटर आहे. केप व्हर्द बेटांमधील साल येथे थांबून जाणारा मार्ग सुमारे ११,६५० किलोमीटर होतो. हा फरक अडीच हजार किलोमीटरहून अधिक, म्हणजे जेट विमानास सुमारे तीन तासांचा आहे. १९७६ मध्ये या कंपनीने लांब पल्ल्याची बोइंग ७४७ एसपी विमाने ताफ्यात आणली. त्यामागील एक प्रमुख कारण हा वळसा होता. अशा रीतीने एका राजकीय ठरावाचे रूपांतर विमानाच्या रचनेच्या निवडीत झाले.

परंतु या बहिष्काराच्या मर्यादाही तितक्याच स्पष्ट होत्या. बंदी दक्षिण आफ्रिकेच्या विमानांवर होती. दक्षिण आफ्रिकेकडे जाणाऱ्या युरोपीय विमानांवर नव्हती. याचा एक करुण पुरावा नैरोबीतच मिळतो. २० नोव्हेंबर १९७४ रोजी लुफ्थान्सा कंपनीचे फ्रँकफर्टहून आलेले बोइंग ७४७ विमान नैरोबीहून उड्डाण करताच कोसळले. पंखांच्या पुढच्या कडेवरील, उचल वाढविणाऱ्या पट्ट्या बाहेर आल्या नव्हत्या. विमानातील १५७ जणांपैकी ५९ जण मृत्युमुखी पडले. बोइंग ७४७ जातीच्या विमानाचा हा पहिला प्राणघातक अपघात होय. या विमानाचा पुढील मुक्काम जोहान्सबर्ग होता. म्हणजे बहिष्कार सुरू होऊन अकरा वर्षे लोटल्यानंतरही नैरोबी–जोहान्सबर्ग हा प्रवास अस्तित्वात होता. तो फक्त तिसऱ्याच खंडातील कंपनीच्या विमानातून होत होता. आफ्रिकेतील दोन शहरांमधील मार्गाचे उत्पन्न त्यामुळे युरोपीय कंपन्यांच्या पदरात पडत राहिले.

दुसरे उदाहरण सालचे. १९७५ मध्ये केप व्हर्द स्वतंत्र झाले. वसाहतवादविरोधी लढ्यातून आलेल्या तेथील नव्या सरकारनेही दक्षिण आफ्रिकेच्या विमानांना साल येथे उतरू दिले, कारण त्या गरीब बेटांना हे उत्पन्न सोडणे परवडणारे नव्हते. मलावीनेही दक्षिण आफ्रिकेशी राजनैतिक संबंध राखले. या निर्णयांचे मूल्यमापन केवळ नैतिक निष्ठेच्या कसोटीवर करणे अन्यायाचे ठरेल. बहिष्काराची किंमत सर्वांना सारखी पडत नाही. ज्याच्याजवळ पर्याय कमी, त्यास ती अधिक पडते. १९८६ मध्ये अमेरिकेने कायदा करून साउथ आफ्रिकन एअरवेजचे आपल्या देशातील उतरण्याचे अधिकार काढून घेतले, तेव्हा या बहिष्कारास प्रथमच एका महासत्तेचे बळ लाभले.

या संदर्भात भारताचा उल्लेख अप्रस्तुत ठरणार नाही. दक्षिण आफ्रिकेशी व्यापारसंबंध तोडण्याचा निर्णय भारताने १९४६ मध्येच घेतला होता. एअर इंडिया इंटरनॅशनलने १९५० मध्ये मुंबई–नैरोबी सेवा सुरू केली. परंतु त्यापुढील जोहान्सबर्ग भारतीय प्रवाशास दीर्घकाळ बंद होते. भारतीय पारपत्रावर दक्षिण आफ्रिका वगळल्याची नोंद असे. मुंबईहून साडेचार हजार किलोमीटरवरील नैरोबी जवळचे झाले आणि त्यापुढील २,९०० किलोमीटर मात्र अलंघ्य राहिले. भारत व दक्षिण आफ्रिका यांचे राजनैतिक संबंध नोव्हेंबर १९९३ मध्ये पुनःप्रस्थापित झाले.

चौथा टप्पा : खुले आकाश आणि उरलेले अडथळे (१९९०–२०२३)

११ फेब्रुवारी १९९० रोजी मंडेला यांची सुटका झाली. १३ डिसेंबर १९९० रोजी टांबो जोहान्सबर्गच्या विमानतळावर उतरले. त्यांनी देश सोडला होता मार्च १९६० मध्ये. परतीस तीस वर्षे आणि सुमारे नऊ महिने लागले. तोपर्यंत विमानतळाचे नाव यान स्मट्स हेच होते. एप्रिल १९९३ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचे नाव त्या विमानतळास मिळण्यास आणखी तेरा वर्षे जावी लागली.

१९९० च्या दशकात आफ्रिकेचे आकाश दक्षिण आफ्रिकेच्या विमानांना पुन्हा खुले झाले आणि नैरोबी–जोहान्सबर्ग थेट मार्ग आफ्रिकी कंपन्यांच्या हाती आला. ईस्ट आफ्रिकन एअरवेज १९७७ मध्ये बंद पडली होती. त्याच वर्षी स्थापन झालेली केनिया एअरवेज आता या मार्गावर उतरली. तथापि राजकीय बहिष्कार संपला म्हणून आकाश आपोआप मुक्त झाले नाही. प्रत्येक मार्गासाठी दोन राष्ट्रांत स्वतंत्र करार, आठवड्यातील फेऱ्यांवर मर्यादा आणि राष्ट्रीय कंपनीस संरक्षण ही जुनी चौकट कायम राहिली. शिकागो व्यवस्थेने जे सार्वभौमत्व वर्णभेदाविरुद्ध शस्त्र म्हणून वापरू दिले, तेच आता आफ्रिकी राष्ट्रांना परस्परांपासून दूर ठेवू लागले.

या अडचणीवर उपाय म्हणून १९८८ मध्ये यामुसुक्रो घोषणा आणि नोव्हेंबर १९९९ मध्ये यामुसुक्रो निर्णय स्वीकारण्यात आला. आफ्रिकी कंपन्यांना परस्परांच्या देशांत मुक्तपणे उड्डाणे करता यावीत, हे त्याचे सूत्र होते. अंमलबजावणी रेंगाळल्याने २८ जानेवारी २०१८ रोजी आफ्रिकी संघाने २३ राष्ट्रांच्या सहभागाने ‘एकल आफ्रिकी हवाई वाहतूक बाजारपेठ’ सुरू केली. केनिया व दक्षिण आफ्रिका हे दोन्ही देश आरंभीच्या सहभागी राष्ट्रांत होते. जगाच्या लोकसंख्येत आफ्रिकेचा वाटा सुमारे १८ टक्के असताना जागतिक हवाई वाहतुकीतील तिचा वाटा दोन-तीन टक्क्यांच्या आसपासच आहे. हे पाहता या प्रयत्नांना किती पल्ला गाठावयाचा आहे, हे स्पष्ट होते.

शेवटचा अडथळा कागदाचा होता. वर्णभेद संपल्यानंतरही केनियाच्या सामान्य नागरिकास दक्षिण आफ्रिकेत जाण्यासाठी व्हिसा काढावा लागे. दक्षिण आफ्रिकेच्या नागरिकास केनियात मात्र ती सोय आगमनानंतर होत असे. चार तासांच्या उड्डाणासाठी कित्येक दिवस कागदपत्रांची जुळवाजुळव करावी लागत असेल, तर त्या प्रवासाचा काळ चार तास म्हणता येत नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये राष्ट्राध्यक्ष सिरिल रामाफोसा यांच्या नैरोबी भेटीत या प्रश्नावर तोडगा निघाला आणि १ जानेवारी २०२३ पासून केनियाच्या सामान्य पारपत्रधारकांना वर्षातून ९० दिवसांपर्यंत व्हिसामुक्त प्रवेश मिळाला. पारपत्राविना देश सोडल्याबद्दल मंडेलांना झालेल्या शिक्षेनंतर साठ वर्षांनी हे घडले.

निष्कर्ष

१) नैरोबी–जोहान्सबर्ग हवाई अंतर सुमारे २,९०० किलोमीटर असून विमानतळांच्या किरकोळ स्थलांतरांव्यतिरिक्त ते शंभर वर्षांत बदललेले नाही. प्रवासकाळ मात्र यंत्र, जमीन, परवानगी आणि कागद या चार घटकांच्या मेळातून ठरत आला आहे.

२) वसाहतकाळात मार्गाची आखणी लघुतम अंतरावर नव्हे, तर साम्राज्याच्या सोयीवर आधारलेली होती. मार्ग ज्यांच्या श्रमातून उभा राहिला, ते त्याच्या लाभापासून दूर राहिले. वारुळे खणणारे मजूर आणि एम्बाकासीचे स्थानबद्ध हे या इतिहासाचे अनामिक घटक आहेत.

३) १९६३ नंतरच्या हवाई बहिष्काराने वर्णभेदी राजवटीस लांबचा व खर्चिक वळसा घालावयास लावला. त्याचे प्रतीकात्मक मूल्य मोठे होते. तथापि युरोपीय कंपन्यांची विमाने मोकळी राहिल्याने राजवटीचा जगाशी संपर्क तुटला नाही आणि बहिष्काराचा भार काही अंशी आफ्रिकी राष्ट्रांनाच उचलावा लागला. म्हणून हा बहिष्कार निष्फळ म्हणता येत नाही, पण निर्णायकही म्हणता येत नाही.

४) राजकीय स्वातंत्र्यानंतर आकाशावरील सार्वभौमत्व हे दुधारी ठरले. त्याच्या आधारे अन्यायास विरोध करता आला, तसेच शेजारी राष्ट्रांमधील प्रवास अवघडही झाला. यामुसुक्रो निर्णयाची संथ अंमलबजावणी हे त्याचेच फलित होय.

हवाई वेळापत्रकात आज या प्रवासापुढे ‘चार तास’ अशी नोंद असते. उड्डाणापुरती ती अचूक आहे. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाने त्या नोंदीत १९२० मधील ४५ दिवस, १९६२ मधील दोन वर्षांची शिक्षा आणि टांबो यांच्या परतीची तीस वर्षेही वाचावयास हवीत. ज्या विमानतळावरून त्यांना निघता आले नाही, त्यावर आज त्यांचे नाव आहे; आणि नैरोबीहून येणारा प्रवासी आज तेथेच उतरतो.